तिला सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं

प्रिय मुली,

तुझी कथा दोनदा वाचली. न्यू जर्सीतलं उपनगर, भिशीच्या पाच जणी, समोरच्या घरात अंधार पडल्यावरच दिसणारा नवा शेजारी. चिवड्याच्या डिशेसवरून तळघराच्या दारापर्यंत कथा सुरेख सरकते. मी अडले ती पान तीनवर. साफसफाईला येणारी कृष्णवर्णीय बाई "त्या घरात जाऊ नका" म्हणते आणि पान सहावर मरते. तिला नाव नाही. भिशीतल्या कुत्र्याला मात्र आहे!

रागावू नकोस, हे पाप मीही केलंय. माझ्या पहिल्या भयकथेतला गडी "थंय जाव नकात" एवढं बोलण्यापुरताच जन्माला आला होता.

ग्रेडी हेंड्रिक्सची २०२० सालची कादंबरी मिळव: 'द सदर्न बुक क्लब्ज गाइड टू स्लेइंग व्हँपायर्स'. साउथ कॅरोलायनातलं माउंट प्लेझंट, नव्वदचं दशक. खूनकथा वाचायला जमणाऱ्या गोऱ्या गृहिणी, आणि त्यांच्यातल्या पॅट्रिशियाच्या सासूची देखभाल करणारी मिसेस ग्रीन. मिसेस ग्रीनच्या सिक्स माइल वस्तीतली कृष्णवर्णीय मुलं मरत असतात. शेजारी राहायला आलेल्या व्हँपायरविरुद्ध पॅट्रिशिया मैत्रिणींना गोळा करते खरी, पण नवरे डोळे वटारतात आणि मैत्री विरघळते. त्यानंतर कादंबरी सरळ तीन वर्षं पुढे उडी मारते. ती तीन वर्षं सिक्स माइलमध्ये कशी गेली, हे पुढे मिसेस ग्रीनच्या तोंडून ऐकावं लागतं. माझ्या मते पुस्तकातली खरी भीती तिथे आहे, दातांत नाही. लेखकाला हे कळलेलं आहे, तरीही सगळं आपण पाहतो ते पॅट्रिशियाच्याच डोळ्यांनी. नावंही बघ. बाकीच्या पॅट्रिशिया, किटी, स्लिक. ती मात्र मिसेस ग्रीन. हा मान म्हणायचा की अंतर? मला अजून ठरवता आलेलं नाही.

आयरा लेव्हिननं १९७२च्या 'द स्टेपफर्ड वाइव्ज' या कादंबरीत उलटं केलं. तिथल्या गावात नवरे एकेका बायकोच्या जागी आज्ञाधारक यंत्रबाहुली आणत असतात. शेवटची पानं तो रूथॅनला देतो. ती गावात नव्यानं आलेली, कृष्णवर्णीय, मुलांची पुस्तकं करणारी. सुपरमार्केटात तिला कादंबरीची नायिका जोआना भेटते, आता गुळगुळीत झालेली. काय झालंय ते आपल्याला कळतं, रूथॅनला नाही. इथे ती इशारा देणारी नाही, आता जिचा नंबर लागणार अशी बाई आहे.

आणि खरी उपनगरं विसरू नकोस. पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटटाउन या उपनगरात घरं बांधणारी कंपनी कृष्णवर्णीयांना ती विकतच नसे. ऑगस्ट १९५७मध्ये डेझी आणि विल्यम मायर्स या कृष्णवर्णीय जोडप्यानं आधीच्या मालकाकडून घर घेतलं, आणि रात्री बाहेर जमाव जमून दगड आले. शेजारच्या वेक्सलर कुटुंबानं त्यांची बाजू घेतली, तर त्यांच्याही भिंतीवर 'केकेके', म्हणजे कृष्णवर्णीयांचा द्वेष करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन संघटनेची आद्याक्षरं, रंगवली गेली. कुंपणाला लागून असलेल्या दोन घरांतल्या बायका, डेझी मायर्स आणि बी वेक्सलर. त्यांच्या मैत्रीची किंमत भिंतीवर लिहिलेली होती. तुझ्या पाच जणींच्या मैत्रीला अजून एक डॉलरही मोजावा लागलेला नाही.

तुझ्या हातातला हुकमी पत्ता तू वापरलाच नाहीस. तुझ्या बायका गोऱ्या नाहीत. "मूळच्या कुठल्या?" हा प्रश्न त्यांना दर आठवड्याला झेलावा लागतो. आणि त्याच बायका ती साफसफाईला यायच्या आधी पाटल्या-बांगड्या कपाटात ठेवून कुलूप लावतात. पान दोनवर तू स्वतःच लिहिलंयस ते, एका ओळीत, आणि पुढे निघून गेलीस. तिथे थांब. कुलपाची ती 'खट्' तिला पायऱ्यांवर ऐकू येते का? येत असेल, तर ती यांना शेजाऱ्याबद्दल सांगेल तरी का? सांगितलंच, तर पाचांतली कोण आधी नवऱ्याला विचारायला जाईल?

तिला शहाणी, सोशिक, देवभोळी करून भरपाई करू नकोस. तोही साचाच, फक्त मुलामा दिलेला. तिला कंजूष कर, विनोदी कर, भिशीतल्या एकीबद्दल तिच्या मनात अढी असू दे.

पुढचा खर्डा नको. आधी तिच्या घरातली एक संध्याकाळ लिहून पाठव, दोन पानं पुरेत. भिशीवाल्या त्यात नसल्या तरी चालेल. कुत्रा तर नकोच.

तुझी,
मावशी