जुन्या वेस्टर्न मालिकांमध्ये मार्शल, म्हणजे कायद्याचा अधिकारी, एकटाच कैद्याला घेऊन दिवसचे दिवस प्रवास करतो, असे एपिसोड इतके का असतात? खरंच असं व्हायचं का?

व्हायचं, पण एवढं एकट्याने नाही. एक मार्शल, एक कैदी आणि दोन घोडे हा मुळात मालिकावाल्यांच्या काटकसरीचा मामला आहे. 'गनस्मोक'च बघा ना, १९५५ ते १९७५ चालली, ६३५ एपिसोड काढले, आता दर आठवड्याला बँकेवर दरोडा आणि गावभर गर्दी कुठून परवडणार? त्यापेक्षा दोन नट घ्या, एक शेकोटी पेटवा, मागे खडक, झालं काम. शेकोटीचा सीन तर ठरलेलाच, कैदी म्हणतो हात सोड की, जेवू कसा, आणि मार्शल बंदूक मांडीवर ठेवून एकच हात सोडतो, मग पुढची पाच मिनिटं आपण त्या हाताकडेच बघत बसतो.

आता एवढा ताप देणाऱ्याला वाटेतच गोळी का घालत नाही? मालिकेत कारण कायदा, तत्त्व वगैरे. खऱ्या डेप्युटी मार्शलांचं, म्हणजे मार्शलच्या हाताखालच्या लोकांचं, गणित मात्र पैशाचंही होतं. अर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथला १८७५ पासून जज आयझॅक पार्करचं कोर्ट होतं, तिथले डेप्युटी इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, आरोपी पकडायला जायचे. पगार नाही! अटकेचे साधारण २ डॉलर, जाताना मैलाला ६ सेंट, येताना स्वतःचे आणि कैद्याचे मैलाला १०-१० सेंट. कैदी मेला तर फी गेली, आणि प्रेत न्यायला कोणी आलं नाही तर पुरायचा खर्चही डेप्युटीच्याच बोकांडी.

म्हणून ते एकेक कैदी नेत बसायचेच नाहीत. सोबत घोडागाडी, स्वयंपाकी, एखादा पहारेकरी, आणि वाटेत सापडतील तेवढे आरोपी गोळा करत जायचं, रात्री सगळे साखळीला. बास रीव्ज हा यातला सगळ्यात गाजलेला, जन्माने गुलाम, पुढे डेप्युटी. त्याच्यावर १८८७ मध्ये खुनाचा खटला चालला तो कुठल्या दरोडेखोराच्या नाही, स्वतःच्याच स्वयंपाक्याच्या! तळावर बंदूक चुकून उडाली असं त्याचं म्हणणं, आणि सुटला तो. टीव्हीवर मात्र मला या सफरीत स्वयंपाकी कधी दिसलाच नाही.

याच जातीतलं सगळ्यात भारी काम माझ्या मते टीव्हीवरचं नाहीच, '३:१० टू युमा' हा १९५७ चा सिनेमा. मूळ गोष्टीत कैद्याला नेणारा डेप्युटी मार्शल आहे, सिनेमात त्याचा दुष्काळाने पिचलेला शेतकरी केलाय, २०० डॉलरसाठी तयार झालेला. ट्रेन यायची असते म्हणून दोघं हॉटेलच्या खोलीत, कैदी पलंगावर मस्त आडवा होऊन लाच वाढवत नेतोय आणि घाम फुटलाय बंदूकवाल्याला. घोडे नाहीत, वाळवंट नाही, तरी बघताना जीव टांगणीला लागतो.

'गनस्मोक' बघणार असाल तर १९६१ च्या आधीचे अर्ध्या तासाचे ब्लॅक अँड व्हाइट भाग आधी बघा, नंतर एपिसोड तासाचा झाला आणि माझ्या मते बऱ्याच ठिकाणी पाणी वाढलं.