निलगिरीखाली काही टिकत नाही, झाड खरंच शेजाऱ्यांवर विष सोडतं का?

तुम्ही विचारलंय की कुंपणालगतच्या निलगिरीखाली लावलेलं काहीच जगत नाही, तर ती जमिनीत काही रसायन सोडते का. सोडते. पण तुमची रोपं त्यानेच मेली असतील, असं मला वाटत नाही.

आमच्याकडेही अशीच निलगिरी आहे. मी तिच्याखाली मातीच्या चार कुंड्या ठेवल्या आणि चारींत मेथी पेरली. दोन कुंड्यांच्या मातीत निलगिरीचा वाळका पाला चुरून मिसळला, दोनमध्ये तितकाच आंब्याचा. सावली तीच, पाणीही तेवढंच. आंब्याच्या पाल्याची मेथी छान आली, निलगिरीच्या कुंड्यांत ती विरळ आणि खुरटी राहिली. म्हणजे पाल्याचा परिणाम आहेच. पण शेजारी थेट जमिनीत पेरलेली मेथी तर पाला झाडून काढल्यावरही दोन पानांवरच सुकली. तिथे मुळांनी पाणी ओढून घेतलं होतं. निलगिरीची तहान हेच मोठं कारण, रसायन त्यानंतर.

वनस्पतींच्या या रासायनिक प्रभावाला 'ॲलेलोपथी' हे नाव हान्स मोलिश या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1937 मध्ये दिलं. शेतकऱ्याला मात्र ज्वारीचं उदाहरण जवळचं वाटेल. तिच्या मुळांवरच्या केसांमधून सॉर्गोलिऑन नावाचं तेलकट द्रव्य पाझरतं आणि ते कोवळ्या तणांचं प्रकाशसंश्लेषण अडवतं. गाजरगवतात पार्थेनिन हे असंच शेजारच्या झाडांना त्रासदायक द्रव्य असतं. अमेरिकेतला काळा अक्रोड तर याच गुणासाठी प्रसिद्ध. त्याच्यातलं द्रव्य आधी निरुपद्रवी रूपात असतं आणि हवेशी संबंध आला की त्याचं जुग्लोन हे विषारी द्रव्य होतं.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. पाला पाण्यात भिजवून केलेला कडक अर्क बियांवर घातला की बी न उगवणं साहजिक आहे, पण त्यावरून बागेचा निष्कर्ष काढू नका. जमिनीतले जिवाणू ही द्रव्यं मोडून टाकतात, आणि जड काळ्या मातीत व हलक्या मुरमाड मातीत त्यांचं वागणं वेगळं असतं.

म्हणून निलगिरीचा पाला ताजा आच्छादन म्हणून वापरू नका. खड्ड्यात पूर्ण कुजवून मग खत म्हणून घाला. खाली काही लावायचंच असेल तर मोठ्या कुंड्यांत लावा, आणि मुळं तळाच्या भोकातून वर शिरू नयेत म्हणून कुंड्या विटांवर ठेवा. आधी माझ्यासारखी मेथी पेरून बघा. चार-पाच दिवसांत ती उगवते, आणि तुमच्या मातीचं उत्तर तुम्हाला तिच्याकडूनच मिळेल.