पाठीतले पाणी तपासण्याआधी

“वडिलांना कंपवात आहे, म्हणजे मलाही होणार, मग पाठीतले पाणी काढून आत्ताच का तपासू नये?” कोल्हापुरात आनुवंशिक समुपदेशन करताना हा प्रश्न हल्ली बराच ऐकू येतो. हुपरीच्या एका चांदी कारागिराच्या मुलीनेही तोच विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडिलांचा हात छत्तिसाव्या वर्षी थरथरू लागला आणि बारीक काम सुटले, पुढे आत्यालाही चाळिशीच्या आत पार्किन्सन, म्हणजे हाच कंपवात, झाला.

तिने वाचलेली तपासणी खरी आहे. पाठीतल्या पाण्यात, म्हणजे मणक्यातील द्रवात, चुकीच्या घडीचे अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन असेल, तर ते प्रयोगशाळेतील निरोगी प्रथिनालाही, दुधाला विरजण लागावे तसे, आपल्यासारखे करून घेते आणि ते मोजता येते. २०२३ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आलेल्या, ११२३ जणांच्या अभ्यासात ती पार्किन्सनच्या सुमारे ८८ टक्के रुग्णांत सकारात्मक आली, परंतु एलआरआरके२ या जनुकातील दोषामुळे आजारी पडलेल्यांत हे प्रमाण ६८ टक्क्यांच्या आसपासच राहिले.

मी आधी वंशावळ काढायला घेतली. आजी-आजोबा दोघेही उतारवयापर्यंत धडधाकट होते आणि आजोबांनी मामाच्या मुलीशी लग्न केले होते. निरोगी, नात्यातल्या आईवडिलांच्या दोन मुलांना ऐन उमेदीत कंपवात होतो, तेव्हा पहिला संशय पार्किन या जनुकावर जातो. त्याच्या, आईकडून एक आणि वडिलांकडून एक आलेल्या, दोन्ही प्रती बिघडल्या तरच सहसा आजार होतो, आणि अशा पुष्कळ रुग्णांच्या मेंदूत अल्फा-सिन्युक्लिनचे साठे आढळतच नाहीत. म्हणजे पाठीतले पाणी निर्दोष ठरूनही आजार असू शकतो. तो अहवाल तिला खोटा दिलासा देऊन गेला असता. शिवाय सुई टोचल्यानंतर काहींना काही दिवस डोके दुखते, ते वेगळेच.

म्हणून पहिली तपासणी निरोगी मुलीची नव्हे, तर आजारी वडिलांच्या रक्ताची करायची असते, आणि तीही जनुकाचा तुकडा गळाला आहे का हे दाखवणारी. पार्किनमध्ये असे दोष बरेच असतात व जनुकक्रमाच्या साध्या वाचनात निसटू शकतात. अहवालात दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या. वडिलांकडून एक सदोष प्रत मुलीकडे आलीच आहे, परंतु आई नात्याबाहेरची असल्याने दुसरी असण्याची शक्यता फार थोडी, हे ऐकून तिच्या जिवाला जरा स्वस्थता लाभली.

“मॅडम, घरात माझं आत्याच्या मुलाशी ठरवायचं चाललंय,” असे ती नंतर म्हणाली, आणि खरा प्रश्न तेव्हा समोर आला. आत्याचा आजार त्याच दोषामुळे असेल, तर तिच्या मुलाकडेही एक सदोष प्रत असणारच, आणि मग या दोघांच्या प्रत्येक अपत्याला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता चारात एक राहते. लग्न करावे की नाही, हे सांगणे माझे काम नव्हे. पुढच्या भेटीला आत्या आणि तो मुलगा दोघेही यावेत, आणि आत्याची तयारी असल्यास तिचे रक्त आधी तपासावे, एवढे आम्ही ठरवले.