बायकांचं हाड उशिरा जुळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दादा-वहिनी एकाच बाईकवरून पडले, दोघांच्याही मांडीचं हाड मोडलं, दोघांनाही रॉड टाकला. तीन महिन्यांनी दादा काठीवर फिरतायत, वहिनींचा वॉकर सुटत नाही. बाई म्हणून हाड उशिरा जुळतंय का?

पाळी चालू असलेल्या वयात सहसा नाही. हाड जुळणं वेगळं आणि माणूस चालता होणं वेगळं. आधी ताजा एक्स-रे काढा, समोरून आणि बाजूने. दोन्ही फोटोंत मिळून हाडाच्या चार कडा दिसतात. त्यांतल्या तिघींवर नवं हाड सांधलेलं दिसलं तर जुळत आलंय असं धरतात. तसं असेल तर अडचण हाडाबाहेर आहे.

माझा पहिला संशय रक्तावर. मांडीचं हाड मोडलं की कातडी न फाटताही लिटर-दीड लिटर रक्त आतल्या आत जातं. बायकांच्या अंगात मुळात रक्त कमी, हिमोग्लोबिनही कमी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय होता, पुरुषांत 25 टक्क्यांना. त्यात ऑपरेशन, वर दर महिन्याची पाळी. हिमोग्लोबिन 8-9 असलेली बाई चार पावलांत दमते आणि घरचे म्हणतात, ‘हिंमतच करत नाही.’ सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी) आणि फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) करून घ्या. लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमसोबत घेतली तर बरीचशी वाया जाते. सकाळी लोह, रात्री जेवणानंतर कॅल्शियम, म्हणजे घोळ नाही.

मग मांडीचा स्नायू. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच ते दहा सेकंद धरायचं. असं दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. दुखतं म्हणून हे बंद असेल तर डॉक्टरांशी बोलून व्यायामाच्या अर्धा तास आधी वेदनाशामक घ्या. स्नायू भरायला प्रथिनं लागतात: 55 किलो वजनाला रोज 65 ते 80 ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणातही जेमतेम तेवढंच. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवणाऱ्या बाईच्या पोटात किती जात असेल, ते तुम्हीच बघा.

दोन गोष्टी कुणी विचारत नाही. एक, मिश्री. दादांचा गुटखा सगळ्यांना दिसतो, वहिनींची सकाळची मिश्री कुणी तंबाखूत धरतच नाही. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड खरोखरच रखडतं. दुसरं, गर्भनिरोधक गोळ्या. इस्ट्रोजेन असलेली गोळी आणि हालचाल बंद, यात पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो. एकच पोटरी सुजली, दुखू लागली तर त्याच दिवशी डॉपलर, म्हणजे पायातल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट दवाखाना.

अंडाशय काढलेले असतील किंवा पाळी गेलेली असेल तर गणित बदलतं. मग हाडाची घनता आणि ड जीवनसत्त्व तपासायलाच हवं.

पुरुष सुखात असतात असंही नाही. म्हातारपणी खुब्याचं हाड बायकांचं जास्त मोडतं, पण त्यानंतरच्या वर्षभरात दगावण्याचं प्रमाण पुरुषांत जास्त. आणि दादांच्या वयात वेगळाच त्रास: बरं वाटतंय म्हणून तपासणी बुडवायची आणि हाड जुळायच्या आत बाईकला किक मारायची. हाड रखडलं आणि भार पडत राहिला की रॉडचे स्क्रू वाकतात, प्रसंगी तुटतात. त्यांचाही एक्स-रे वहिनींसोबतच काढा.