स्कॅनएफनंतर एफगेट्स नाव का घेत नाही?

सी भाषेत वय स्कॅनएफने (ठरावीक साच्यात इनपुट वाचणारं फंक्शन) घेतलं की पुढचं एफगेट्स (पूर्ण ओळ वाचणारं फंक्शन) नावासाठी थांबतच नाही, हा तुमचा प्रश्न. स्कॅनएफ फक्त आकडा उचलतं; तुम्ही दाबलेल्या एंटरचं अक्षर बफरमध्ये (इनपुट तात्पुरतं साठतं त्या जागेत) तसंच पडून राहतं. एफगेट्सला आधी तेच मिळतं आणि त्याच्या लेखी ओळ संपते.

उरलेलं इनपुट काढायला एसटीडीइनवर (प्रोग्रामचं नेहमीचं इनपुट, म्हणजे सहसा कीबोर्ड) एफफ्लश (बफर रिकामा करणारं फंक्शन) वापरायचा सल्ला बऱ्याचदा मिळतो, पण तो ऐकू नका. सीच्या मानकात त्याचं वर्तन ठरलेलंच नाही. मी प्रत्येक ओळ एफगेट्सनेच घेतो आणि त्या ओळीतून आकडा एसस्कॅनएफने काढतो. (ओळ वाचणारं जुनं फंक्शन गेट्स मात्र नकोच, 2011 च्या मानकातून ते काढलंय.)

फाइललाही हेच चालतं. तिथे लूपची अट एफईओएफवर (फाइल संपली का ते सांगणारं फंक्शन) ठेवली, तर शेवटची ओळ दोनदा येते. एफगेट्स नल (आणखी ओळ मिळाली नाही याची खूण) देईपर्यंत वाचा.