नवा फ्लॅट, नवी गाडी आणि विश्वासी मन

तुमचा प्रश्न असा: नाशिकला पाथर्डी फाट्याला फ्लॅट झाला, गाडी आली, रोज प्रार्थनेत देवाचे आभार मानतो, तरी मन त्यातच घुटमळतं. ख्रिस्ती माणसाने हे सुख भोगावं की नाही?

भोगावं. बायबलमधल्या १ तीमथ्य या पौलाच्या पत्रात, ६:१७ मध्ये देव सर्व काही उपभोगासाठी विपुल देतो असं स्पष्ट आहे. पण त्याच वचनात धनवानांना ताकीदही आहे: गर्व करू नका, चंचल धनावर आशा ठेवू नका. आणि लगेच पुढे, परोपकारी व दानशूर व्हा. पौल त्यांना गरीब व्हायला सांगत नाही. येशूने एका श्रीमंताला सगळं विकायला सांगितलं, जक्कय या श्रीमंत जकातदाराने मात्र अर्धं द्यायचं ठरवलं तेव्हा त्याच्या घराला तारण मिळाल्याचं म्हटलं. म्हणजे सगळ्यांना एकच माप नाही.

मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा १४ वा अध्याय, जो दशमांशाच्या (उत्पन्नाचा दहावा भाग देवासाठी काढण्याच्या) शिकवणीत बहुधा अर्धाच वाचला जातो. तिथे दशमांश बाजूला काढायचा, ठरलेलं ठिकाण लांब असेल तर त्याचे पैसे करून न्यायचे, तिथे जिवाला आवडेल ते विकत घ्यायचं आणि घरच्यांसह देवासमोर आनंदाने खायचं. होय, मेजवानी! मात्र गावातल्या लेव्याला (देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या, स्वतःची जमीन नसलेल्या वंशातल्या माणसाला) विसरायचं नाही, आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच परके, अनाथ, विधवा यांच्यासाठी ठेवायचा. आनंद आणि वाटा एकाच हिशेबात.

नाशिककरांना अनुवाद २४:२१ समजायला सोपं जावं. द्राक्षं एकदा तोडली की मागे राहिलेली वेचायला पुन्हा बागेत फिरायचं नाही, ती गरजूंची. पगारदाराची बाग म्हणजे महिन्याचा पगार. शेवटचा रुपया जर हप्त्यांत बांधला गेला असेल तर वेलीवर काही उरतच नाही. मग कोणी दारात आलं की मन कितीही मोठं असो, हात आखडतो. म्हणून हातात ६०,००० येत असतील तर ६,००० पगाराच्याच दिवशी वेगळे काढा. महिनाअखेरीला उरेल ते देऊ, असं ठरवलं की उरत नाही. नव्या करारात टक्का सक्तीचा नाही, २ करिंथ ९:७ मनात ठरवल्याप्रमाणे आणि संतोषाने द्यायला सांगतं. १० टक्के ही सुरुवात धरा. त्याशिवाय १,५०० ते २,००० असे ठेवा की ते कोणाला जातील हे आधी ठरलेलं नसेल. शेजाऱ्याचं औषध, कोणाची फी. घर-गाडीचे हप्ते मिळून पगाराच्या तिसऱ्या हिश्शापुढे गेले असतील, तर पुढची मोठी खरेदी थांबवलेली बरी.

एक चूक मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वारंवार दिसते. साक्षीला, म्हणजे देवाने काय केलं ते सर्वांसमोर सांगायला, उभं राहून गाडीचं मॉडेल आणि किंमत सांगितली जाते, आणि मागच्या बाकावर नुकतीच नोकरी गेलेला भाऊ बसलेला असतो. ती साक्ष राहत नाही, जाहिरात होते. शिवाय त्यातून आशीर्वाद म्हणजे विश्वासाची पावती अशी समजूत पसरते, जी बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांचीही होती: त्याच्यावर संकट आलं म्हणजे दोष त्याचाच, असं ते धरून चालले.

मन अडकलंय का, हे लूक १२ मधल्या मूर्ख धनवानाच्या बोलण्यावरून ताडता येतं. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, माझा जीव. देवाचं नाव एकदाही नाही. आठवडाभर स्वतःच्या बोलण्यातले ‘माझं’ मोजून पाहा. दुसरी खूण: गाडीला ओरखडा पडला की राग किती वेळ टिकतो? आणि मंडळीतल्या आजींना दवाखान्यात न्यायला ती गाडी मागितली तर पहिलं उत्तर काय निघतं?

घराची उपकारस्तुती (नव्या घराबद्दल देवाचे आभार मानणारी प्रार्थना) अजून व्हायची असेल तर लूक १४:१२-१४ वाचून यादी करा. उलट आमंत्रण देऊ शकणारे नातेवाईक येतीलच, पण सोसायटीचा वॉचमन, धुणीभांडी करणाऱ्या मावशी आणि घराची फरशी बसवणारे मिस्त्री यांनाही कुटुंबासह बोलवा, आणि आमंत्रणातच सांगून टाका की आहेर, पाकीट काही आणू नका.