कसलेला खेळाडू कॅसिनोला हरवू शकतो का?

तुमचा मित्र दर दोन-तीन महिन्यांनी पणजीला जातो, सहा महिने ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाचा सराव करतोय आणि आता वैयक्तिक कर्ज काढून 'भांडवल' उभं करायच्या विचारात आहे, असं तुम्ही लिहिलंय. कौशल्याच्या जोरावर कॅसिनोला खरंच हरवता येतं का, हा तुमचा प्रश्न.

मी बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलंय. उत्तर 'हो' असं आहे, पण ते एका खेळापुरतं आणि काही अटींवर. त्या अटी तुमच्या मित्राला मिळतील असं मला वाटत नाही, म्हणून आधीच सांगतो: त्याला कर्ज काढू देऊ नका.

पहिल्यांदा रूलेट, म्हणजे आकडे लिहिलेल्या लाल-काळ्या घरांच्या फिरत्या चाकावर चेंडू कुठे थांबेल यावर पैसे लावायचे. युरोपीय चाकावर शून्य धरून ३७ घरं असतात. एका आकड्यावर १०० रुपये लावून जिंकलात तर लावलेले धरून ३,६०० हातात येतात. सदतीस फेऱ्यांत प्रत्येक आकडा एकेकदा आला असं धरलं, तर ३,७०० लावून ३,६०० परत. म्हणजे २.७ टक्के 'घराचे', अर्थात कॅसिनोचे. अमेरिकी चाकावर दोन शून्यं असतात, तिथे हेच ५.२६ टक्के होतात. इथे सराव कामाला येत नाही, कारण मागच्या फेरीचा पुढच्या फेरीशी काही संबंधच नसतो. मोंटे कार्लोला १९१३ च्या ऑगस्टमध्ये चेंडू सलग २६ वेळा काळ्यावर पडला होता. आता लाल आलंच पाहिजे म्हणून लोक रक्कम वाढवत राहिले आणि त्या रात्री प्रचंड पैसा गेला.

माझा मावसभाऊ 'डबल'च्या पद्धतीने खेळायचा. लाल-काळ्यावर ५०० लावायचे, हरलं की १,०००, मग २,०००. कधीतरी जिंकणारच आणि सगळं वसूल होऊन ५०० सुटणार. बरेच महिने सुटलेही. मी त्याला कागदावर मांडून दाखवलं होतं: सलग आठ वेळा हरलास तर १,२७,५०० गेलेले असतील आणि पुढच्या फेरीला १,२८,००० लावावे लागतील, तेही ५०० मिळवायला. सलग आठ हरणं दुर्मीळ वाटतं, पण एका रात्रीत २०० फेऱ्या खेळलात तर ते घडण्याची शक्यता साधारण तीनात एक आहे. ते घडलं. मावशीच्या दोन बांगड्या मोडाव्या लागल्या. ते अजून आठवतं, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

आता ब्लॅकजॅक, जिथे तुमच्या मित्राचं म्हणणं निराधार नाही. आपल्या पत्त्यांची बेरीज एकवीसच्या वर न जाता डीलरच्या, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्याच्या, बेरजेपेक्षा जास्त करायची, असा हा खेळ. मेंढीकोट खेळला असाल तर लगेच कळेल. चारपैकी किती दश्श्या निघून गेल्या हे ज्याच्या लक्षात असतं, तो उरलेला डाव वेगळा खेळतो. ब्लॅकजॅकमध्येही गेलेला पत्ता पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही, म्हणून झालेल्या डावांचा पुढच्या डावाशी संबंध उरतो. अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक एडवर्ड थॉर्प यांनी संगणकावर आकडेमोड करून १९६२ मध्ये ही पद्धत पुस्तकात मांडली. आज प्रचलित असलेली सोपी मोजणी अशी: दुर्री ते छक्की गेली की अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वीला शून्य, दश्शी, चित्रं आणि एक्का गेला की उणे एक. बेरीज वाढली याचा अर्थ मोठे पत्ते अजून गड्डीत आहेत. मग ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोनच पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता मिळून एकवीस, जास्त वेळा लागतो, त्याला दीडपट मिळतात. शिवाय सतरा होईपर्यंत पत्ता घेणं डीलरला बंधनकारक असतं, त्यामुळे तो एकवीसच्या वर जाण्याची शक्यता वाढते. अशा वेळी रक्कम वाढवायची, एरवी कमीत कमी लावायची.

फक्त पाठ केलेल्या योग्य चाली खेळल्या तर चांगल्या नियमांच्या टेबलावर घराचा फायदा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. मोजणीही बिनचूक जमली तर पारडं साधारण एक टक्क्याने खेळाडूकडे झुकतं. हे मी नाकारत नाही. पण एक टक्का म्हणजे नेमकं किती, ते त्याच्यासमोर मांडा.

डावाला सरासरी १,००० रुपये आणि एका संध्याकाळी १०० डाव धरा. अपेक्षित नफा १,०००. नशिबाचा चढउतार मात्र साडेअकरा हजारांच्या घरातला. म्हणजे एकही चूक न करता खेळूनही शंभरातल्या सेहेचाळीस संध्याकाळी तो तोट्यात उठेल. नफा त्या चढउताराच्या बरोबरीला यायला साधारण १३,००० डाव लागतात, आणि तेवढं खेळूनही एकूण तोट्यात असण्याची शक्यता सहात एक उरतेच. वर्षातून पाच-सहा वेळा पणजीला जाणाऱ्याने १३,००० डाव गाठायचे कधी? दरम्यान बँकेचा हप्ता दर महिन्याला जाणारच.

आणि हे सगळं कॅसिनोने खेळू दिलं तर. पत्ते सतत पिसणारं यंत्र टेबलावर असेल तर मोजणीला अर्थच राहत नाही. दीडपटीऐवजी पाचाला सहा देणारं टेबल असेल तर घराचा फायदा जवळजवळ दीड टक्क्याने वाढतो, आणि मोजून कमावलेलं तिथेच संपतं. शिवाय पत्ते मोजणाऱ्याला कॅसिनो बाहेरही काढतो. अमेरिकेत केन उस्टन नावाचा खेळाडू याविरुद्ध कोर्टात गेला. कॅसिनोला मोजणाऱ्यांना परस्पर बाहेर काढता येणार नाही, असा निकाल न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिला. मग तिथल्या कॅसिनोंनी गड्ड्या वाढवल्या, लवकर पिसायला सुरुवात केली. अमेरिकेतल्याच नेवाडा राज्यात तर मोजणाऱ्याला आजही सरळ उठवतात.

युक्तीने जिंकलं तरी पैसे हातात पडतीलच असं नाही. फिल आयव्ही या नामांकित पोकरपटूने २०१२ मध्ये लंडनच्या एका कॅसिनोत पुंतो बांको या पत्त्यांच्या खेळात ७७ लाख पौंड जिंकले होते. पत्त्यांच्या पाठीवरच्या नक्षीतला बारीक फरक हेरून, अंधश्रद्धेचं निमित्त सांगून, डीलरकडून ठरावीक पत्ते फिरवून घ्यायचे, ही युक्ती. कॅसिनोने पैसे दिले नाहीत. २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही फसवणूकच ठरवली.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे मोजणी शिकणाऱ्यांचं लक्षच जात नाही. जुगारातल्या जिंकण्यावर ३० टक्के प्राप्तिकर आहे आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. समजा वर्षात जिंकलेल्या रात्रींची बेरीज २० लाख आणि हरलेल्या रात्रींची १९ लाख. हातात उरला एक लाख, कर सहा लाख! एक टक्क्याची कमाई यात कुठे टिकणार?

अंदर-बाहरबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंय. उघडलेल्या पत्त्याच्या जोडीचा पत्ता कोणत्या बाजूला पडतो, यावर तिथे पैसे लावतात. ज्या बाजूला पहिला पत्ता पडतो ती साधारण ५१.५ टक्के वेळा जिंकते, म्हणून तिला बहुधा शंभराला नव्वदच देतात. दोन्ही बाजूंना दोन-तीन टक्के घराचेच, कौशल्याला वाव नाही. पोकरची गोष्ट निराळी. तिथे समोर दुसरे खेळाडू असतात आणि कॅसिनो प्रत्येक डावातून आपली कटौती काढून घेतो, त्यामुळे चांगला खेळाडू खरंच पुढे राहू शकतो. पण तो इतर खेळाडूंचा पैसा जिंकतो, कॅसिनोचा नव्हे.

मित्राशी वाद घालू नका, तो दुखावेल. घरी पत्त्यांचे सहा कॅट आणा, तुम्ही डीलर व्हा, चिप्सऐवजी शेंगदाणे ठेवा. १,००० डाव खेळा आणि प्रत्येक डाव वहीत लिहा: किती लावले, मोजणी काय होती, चाल बरोबर होती का. टीव्ही चालू ठेवा, मध्ये मध्ये त्याच्याशी बोला, कारण टेबलावर शांतता नसते. दोन-तीन रविवार लागतील. ती वही भरल्यावर इथे आकडे टाका, हिशोब मी करून देतो.